उजवीकडची रिकामी खुर्ची

दार लोटून घ्या आणि बसा. ही गोष्ट कुणा लांबच्या माणसाची नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे, तुमच्या काकूच्या धाकट्या भावाची. विमान चालवायचा. आता चालवत नाही. का, तेच सांगतो. मध्ये मोबाइल बघाल तर मी उठून झोपायला जाईन, माझं आता वय झालंय.

गेल्या वर्षीची नऊ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी स्वारी आमच्याकडे आली ती काकूचा दुरुस्त करून आणलेला चष्मा द्यायला. सोफ्यावर बसून एक बूट काढला आणि दुसरा काढायच्या आत झोपला, तशाच वाकड्या मानेनं. सलग तीन रात्री विमान उडवून आला होता आणि आजची रात्र त्याला मोकळी होती. काकू म्हणाली, राहू दे त्याला, चहा नंतर टाकते.

साडेसातला त्याचा फोन वाजला. ड्युट्या लावणारा कारकून होता. एक पायलट तापानं आडवा झालाय, रात्रीची फेरी आहे, येता का? आता नियम असा की ‘मी थकलोय’ एवढं म्हटलं की विषय संपला. पण नियम कागदावर गोड असतात. गेल्या तीन महिन्यांत मेहुणा दोनदा तसं म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हटलं की वरचे साहेब बोलावून घेतात, घरी सगळं ठीक आहे ना असं प्रेमानं विचारतात, आणि ते प्रेम फाइलमध्ये जाऊन बसतं. काकू समोरून हातानं नको नको करत होती. तो फोनवर ‘येतो’ म्हणाला आणि काढलेला बूट पुन्हा चढवला.

त्या रात्री एकशे शहात्तर माणसं त्याच्या भरवशावर विमानात बसली. त्याचे डोळे मी पाहिले होते, त्यात झोपेशिवाय काही नव्हतं. मीही अडवलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

आता थोडं नीट ऐका. विमान एकदा उंचावर गेलं की ऑटोपायलटवर आपोआप चालतं, पायलट लक्ष ठेवतो. दुसरं विमान अंगावर येऊ लागलं तर आतलं एक यंत्र आधी सावध करतं आणि मग हुकूम सोडतं, वर जा नाहीतर खाली जा. त्या हुकमापुढे जमिनीवरच्या कंट्रोलरचंही ऐकायचं नसतं. खरी गोम पुढे आहे. मेहुण्याच्या कंपनीत एकाच बनावटीची नवी आणि जुनी अशी विमानं होती, दिसायला जुळी भावंडं. नव्या विमानात हुकूम आला की विमान स्वतःच तो पाळतं. जुन्यात पायलटनं खुर्चीशेजारची स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, हातात धरायची, तिच्यावरचं बटण दाबून ऑटोपायलट बंद करायचा आणि पाच सेकंदांच्या आत स्वतः विमान वर किंवा खाली न्यायचं. स्टिका दोन, डावी पायलटची, उजवी को-पायलटची, एकमेकींना न जोडलेल्या. मेहुणा महिनाभर नवीच विमानं उडवत होता. त्या रात्रीचं विमान जुनं होतं.

गुरुवार उलटून शुक्रवार लागला होता. पावणेतीनला को-पायलट ‘आलोच, सर’ म्हणून मागे शौचालयात गेला. काही कंपन्यांत अशा वेळी दुसऱ्या कुणाला तरी आत आणून बसवतात. यांच्यात ती पद्धत नव्हती. दार बंद झालं आणि आत मेहुणा एकटा उरला.

दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

‘ट्रॅफिक, ट्रॅफिक,’ यंत्र बोललं. त्यानं ऐकलं. पडद्यावर दुसऱ्या विमानाचा पिवळा ठिपका जवळ सरकत होता. काळजी वाटली नाही, विमान बघून घेईल. हात मांडीवरच राहिले.

ठिपका लाल झाला. ‘डिसेंड, डिसेंड.’ खाली जा.

तो वाट बघत बसला. आता विमान नाक खाली घालेल. परवाच्या विमानानं घातलं असतं. कालच्या विमानानं घातलं असतं.

एक सेकंद. दोन...

विमान सरळच चाललेलं. समोरच्या काळोखात पांढरा दिवा. आधी टाचणीच्या डोक्याएवढा. मग मोठा...

तेव्हा त्याला आठवलं. हे जुनं आहे.

तीन...

हात उचलायला गेला. उचलेना. भीतीनं नव्हे, पोरांनो. नुसत्या थकव्यानं. अंगाखाली दबून हात बधिर होतो ना, तसा...

चार...

ऑटोपायलट बंद झाल्याची घंटा वाजली.

त्यानं बटण दाबलं नव्हतं.

नाक खाली गेलं. सावकाश. हवं तेवढंच.

त्याची स्टिक जागची हलली नव्हती. त्यानं उजवीकडं बघितलं. उजवी स्टिक पुढे झुकलेली...

खुर्ची रिकामी.

दुसरं विमान डोक्यावरून गेलं. दिवे दिसले, पोट दिसलं. मग यंत्र म्हणालं, धोका टळला. उजवी स्टिक हळूच मागे आली. विमान पुन्हा मूळ उंचीवर चढलं, सरळ झालं. स्टिक मध्यावर थांबली. जशी कुणी धरलेली सोडावी...

 

को-पायलट धावत आला तो शौचालयाच्या दारावर आपटून कपाळाला आलेलं टेंगूळ घेऊन. काय झालं ते त्यानं पडद्यावर बघितलं. म्हणाला, "सर, वाचवलंत." मेहुणा गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात खोटं होतं आणि ते त्याला तेव्हाच कळत होतं.

पुढचे चार दिवस कौतुकाचे. प्रवाशांची पत्रं आली, ज्या साहेबांना तो भीत होता त्यांनीच पाठ थोपटली. झोप मात्र गेली ती गेलीच. एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यानं मला सगळं सांगितलं. मी शहाणपणा केला. म्हटलं, वाचलास ना, मग वाचवणाऱ्याचं नाव कशाला विचारतोस, तोंड बंद ठेव.

"भाऊजी," तो म्हणाला, "उद्या परत फोन येईल आणि मी परत येतो म्हणेन. दर वेळी शेजारी कोण बसणार आहे?"



पाचव्या दिवशी चौकशी होती. लहान खोली, एक टेबल, चौकशीच्या बाई, तो आणि को-पायलट. बाईंनी काही विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं. "मी हात लावला नाही, मॅडम. माझे हात मांडीवर होते. मी थकलेलो होतो, आणि आलो तेच चुकलं. आता मी उडवणार नाही." खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. मला म्हणाला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

बाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. डाव्या स्टिकची रेघ सपाट होती. बटण उजवीकडून दाबलेलं, स्टिक उजवीकडची हललेली. को-पायलट त्या वेळी मागे होता, हे तीन कर्मचाऱ्यांनी लिहून दिलं होतं. त्याचा हेडसेट माइकसकट हुकाला टांगलेला होता.

बाई म्हणाल्या, "अजून एक आहे. प्रत्येक खुर्चीच्या माइकचं रेकॉर्डिंग वेगळं असतं. हे उजवीकडचं."

त्यांनी बटण दाबलं.

खरखर. लांबून घंटा. डिसेंड, डिसेंड... बराच वेळ काही नाही. धोका टळला, असं यंत्र म्हणालं. पुन्हा काही नाही...

मग, अगदी माइकला तोंड लावून, एक जांभई.

लांब. सावकाश. रात्रपाळ्या करून करून शिणलेल्या माणसाची.

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. त्या बंद खोलीत तिघांनाही एकापाठोपाठ एक जांभई आली, आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही.