आठव्या पिनवरचं धुकं

ओमकारनं टेबलावर ठेवलेल्या स्टीलच्या जाड पिनमध्ये रसिकाला आधी त्याचे डोळे दिसले. आरशासारख्या चकाकीत लांबट झालेले, हसरे. मधोमध मात्र अंगठ्याएवढा धुरकट डाग होता. तिथं त्याचं तोंड दिसेना.

१९९३ साल होतं. आयात खुली झाली, तशी चिक्कडपल्लीच्या त्या छोट्या प्रयोगशाळेतही परदेशी यंत्रं आली होती. रसिका तिथं धातूंची तपासणी करायची. ओमकारचं आबिड्सला भांड्यांना पॉलिश करायचं दुकान होतं. मलकपेठच्या जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या, बैठका तोलून धरणाऱ्या बारा पिनाही तोच चमकवी. आणि रिवाज असा, की पॉलिशवाल्यानं रोज संध्याकाळी पाचला पहिला फेरा एकट्यानं घ्यायचा. त्याशिवाय मालक दत्तोबा पाळणा सुरू करत नसत.

या आठव्या पिनवरचा डाग ओमकारनं तीनदा घासून काढला होता. तीनदा तो परतला... त्याच जागी, त्याच आकाराचा. जणू आतून कुणी श्वास सोडत होतं. दत्तोबांनी पाळण्याला लिंबू-मिरची बांधली, तिच्या जागी दुसरी पिन बसवली, आणि ओमकार ही घेऊन इथं आला.

रसिकानं पिन पुन्हा लखलखीत केली, डागाची जागा कागदावर आखून घेतली आणि पिन यंत्रात लावली. यंत्र तिला अखंड वाकवत राहिलं. ओमकार रोज दुपारी उस्मानिया बिस्किटं घेऊन हजर.

"आज काय म्हणतंय भूत?"

"विचारतंय, पॉलिशवाल्यांना दुकान नाही का?"

चौथ्या दिवशी तिनं यंत्र थांबवून भिंगातून पाहिलं. आखलेल्या जागेच्या आत, रेषेला रेष लागून, बारीक ओरखडे वर आले होते. बाहेरून तिथं कुणी हात लावला नव्हता. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं.

"भूत नाही," ओमकार आल्यावर ती म्हणाली. "धातूचा थकवा आहे. वाकून वाकून स्टीलचे आतले थर एकमेकांवरून सरकतात आणि वर येतात. तुम्ही घासता, तेव्हा फक्त खूण जाते. दुखणं तिथंच राहतं... बाकीच्या पिनांवरही असं येतं?"

"चारांवर." त्याचा आवाज उतरला. "कालच पुसलं सगळं."

साडेचार वाजले होते. तो उठला. दत्तोबांना जबान दिलेली होती.

रसिकानं त्याचं मनगट धरलं. "आजचा फेरा नक्को."

"कायकू, मॅडम?" तो हसायला गेला, ती हसली नाही. "कारण सांगा, थांबतो."

तिची नजर यंत्राकडे गेली. पण हात सुटला नाही... मिनिटं गेली. यंत्र घरघरत होतं.

पाच वाजायच्या सुमाराला घरघर थांबली.

पिन दोन तुकडे होऊन पडली होती, नेमकी त्या धुक्यातून.

ओमकारनं जत्रेच्या कचेरीत फोन लावला. दत्तोबा त्याची वाट पाहत होते. पाळणा अजून उभाच होता. एकाही माणसाला बसवू नका, असं त्यानं दोनदा सांगितलं. मग रिसीव्हर खाली ठेवला.

"गेला असतात," रसिका हळूच म्हणाली, "तर उद्या दुपारी मी कुणाची वाट पाहिली असती?"

त्यानं एक तुकडा उचलला. ती पाहायला वाकली. दोघांचे चेहरे एकत्र उमटले आणि लगेच धुक्यात गेले. त्यानं अंगठ्यानं पुसलं. दोघं श्वास रोखून बघत राहिले.

धुकं परत आलं नाही.

"आपल्याच श्वासाचं होतं," ती म्हणाली.