मेणावरचा चावा

शनिवारी लॅब दुपारी एकला बंद व्हायची. सव्वा वाजला तरी ती बेसिनपाशी उभी राहून नखांतलं प्लास्टर काढत होती. सतरा वर्षं ती कवळ्या बनवत होती. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे, प्रत्येकावर एक नंबर असायचा आणि त्या नंबराचं माणूस कधीच समोर यायचं नाही. शेकडो जबडे तिच्या ओळखीचे होते, चेहरा मात्र एकाचाही नाही.

फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून धाकटी बहीण शिकवणी घेत होती.

"ताई, तीनच गोष्टी बघ. एक, त्याने फोन खिशातून काढता कामा नये. दोन, तू सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. आणि तीन, तू करशील तसं तो करायला लागला, म्हणजे तू कप उचललास की त्यानेही उचलला, तर समज जमतंय."

"आणि नाही उचलला तर?"

"तर कॉफी पिऊन घरी ये. पण आधीच नाट लावू नकोस."

जोडीदार शोधताना याआधी दोघांना भेटून झालं होतं. पहिला तासभर फोनवर कुणाशी तरी भांडत बसला. दुसऱ्याने तिचं काम ऐकलं आणि तोंडावर जो हात धरला, तो निघेपर्यंत काढला नाही. तेव्हा दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. पण एकोणचाळिसाव्या वर्षी ओट्यापाशी उभ्यानेच जेवून घ्यायचा तिला वीट आला होता. ही शेवटची खेप, असं तिने धाकटीला बजावलं होतं. यानंतर कुणासमोर जाऊन बसायचं बळ तिच्यात नव्हतं.

लॅबच्या मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान होतं. तो तिच्या आधीच येऊन खिडकीपाशी बसला होता. इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करायचा.

"दिवसभर वर-खाली," तो म्हणाला, "आणि पोचत कुठेच नाही."

तो हसला तेव्हा सवयीने तिने त्याचे दात पाहून घेतले. पटाशीच्या दोन दातांत फट, खाली उजवीकडे गर्दी, डावा सुळा जरासा आत. साधा, प्रामाणिक जबडा. तिला तो आवडला.

मालकीणबाई स्वतः कप घेऊन आल्या. "दोन चमचे साखरेची ताईंची, बिनसाखरेची तुमची," असं म्हणून त्यांनी ते जागच्या जागी ठेवले.

तासभर झाला तरी त्याचा फोन खिशातच होता. ती मात्र भीडभाड सोडून बोलत सुटली होती. लॅबबद्दल, तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादांबद्दल, प्रत्येक माणसाचा चावा, म्हणजे मेणावर उमटणारा दातांचा ठसा, कसा वेगळा असतो त्याबद्दल.

"मग माझा घ्या की," तो म्हणाला. "बघू तुमची कला."

पर्समध्ये गुलाबी मेणाची एकच पट्टी होती. मेण कितपत मऊ आहे ते बघायला ती रोज सकाळी एका टोकाला स्वतः चावायची आणि नखाने तारीख कोरायची. ते टोक धरून तिने पट्टीचं दुसरं टोक गरम पाण्याच्या ग्लासात बुडवलं.

"पण एका पट्टीवर दोघांचा चावा घ्यायचा नाही, असं वस्ताद सांगायचे ना?"

मघाशी ओघात सांगितलेली गोष्ट त्याने लक्षात ठेवली होती! तिला इतका आनंद झाला की कान गरम झाले.

"मापं मिसळतात म्हणून हो. इथे कुणाला कवळी बसवायचीय?"

तो चावला. तिने पट्टी बशीत ठेवली आणि आणखी दोन कॉफी सांगितल्या.

मग तिने मनगट खाजवलं. त्यानेही खाजवलं. तिने कप उचलला, त्याने उचलला. तिने मुद्दाम तो ओठांपाशी धरून ठेवला, तर तोही थांबला. तीनही खुणा पटल्या होत्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याकडे बघतंय, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

तो हसला. त्याच्या दातांत फट नव्हती.

तिने खिडकीकडे पाहिलं. ऊन होतं तसंच होतं. उजेडाचा खेळ असेल, असं तिने ठरवलं आणि कॉफीचा घोट घेतला. अर्धा कप संपल्यावर तिच्या लक्षात आलं की कॉफी कडू आहे. मालकीणबाईंनी या खेपेला न विचारताच साखरेचा कप त्याच्यापुढे ठेवला होता. तिला ती कडू कॉफी आवडली होती.

"सातव्या वर्षी मला झोपाळ्यावरून पाडलं होतं," तो सांगत होता. "इथला टवका उडाला. धाकट्या बहिणीने ढकललं होतं, मुद्दाम. मला ते माहीत आहे, हे तिला अजून कळलेलं नाही."

त्याने ओठ वर करून दाखवलं. डाव्या पटाशीच्या दाताचा कोपरा तुटलेला होता.

ही गोष्ट तिने आयुष्यात कुणालाही सांगितली नव्हती.

तिने जीभ आपल्या दाताकडे नेली. रोज जिभेला बोचणारा तो कोपरा गुळगुळीत आणि पुरा होता. शेजारी एक फट होती.

बशीतली पट्टी तिने हळूच उचलली. तिने स्वतः चावलेल्या, तारखेच्या टोकावर फट होती, उजवीकडे गर्दी होती, डावा सुळा आत होता. दुसऱ्या टोकावर मोडक्या कोपऱ्याची खूण उमटली होती.

उठायला हवं होतं. पर्सचा पट्टा तिच्या हातात होता आणि दार चार पावलांवर. तिने झोपाळा आठवून पाहिला. तो आठवेना. ओटा तेवढा आठवला, आणि त्यावरचं एक ताट.

"निघायचंय का?" त्याने विचारलं. किती मायेने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बसू या अजून."

तिने पट्टा सोडला.

टेबलावर तिचा फोन वाजला. तिचा हात हलला नाही. त्याने फोन उचलला.

"बोल गं," तो म्हणाला.

"ताई! अजून तिथेच? म्हणजे जमतंय!" धाकटीचा आवाज समोरपर्यंत ऐकू येत होता. "आणि तो कसा आहे?"

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"चांगला आहे गं. जास्त बोलत नाही. पण मी कप उचलला की तोही उचलतो," तो म्हणाला आणि त्याने कप उचलला.

तिचा कप कधीच रिकामा झाला होता. तिने तो ओठांना लावला, आणि त्याने खाली ठेवेपर्यंत तसाच धरून राहिली.