रोज चार मिनिटं आधी

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. शाळेला सुट्टी होती, आणि शेलूबाजारजवळच्या माळावर, पत्र्याच्या खोलीत, दौलतराव मास्तर रोज बारा ते तीन आभाळाकडे कान लावून बसत. हसू नका. पुण्याच्या साहेबांनी तिथे तारांचं जाळं उभारून एक यंत्र ठेवलं होतं. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून कोणी हाक मारतंय का, ते टिपायचं काम विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांवर सोपवलं होतं. यंत्राचं पेन सरकत्या कागदावर रेघ ओढी; काही ऐकू आलं की रेघ उडी मारी.

पण आभाळ ऐकायचं म्हणजे आधी गाव ऐकणं आलं. जीप गेली, उडी. गिरणी सुरू झाली, उडी. साहेबांनी एक खूण सांगून ठेवली होती. माणसाच्या वस्तूची उडी घड्याळाच्या ठरल्या वेळेला येते. ताऱ्यांकडची मात्र रोज चार मिनिटं आधी येते, कारण तारेच रोज तेवढे आधी उगवतात.

सगळ्यात मोठा उपद्रव इंद्रभानच्या विहिरीवरच्या मोटरचा. बारा ते तीन मोटर बंद ठेव म्हणून दौलतरावांनी त्याला दोनदा विनवलं. इंद्रभान हसला.

"मास्तर, आभाळातले लोक थांबतीन. संत्र्याची कलमं नाई थांबत."

खरंच होतं त्याचं. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, तशी कधीकधी अक्कलही नसते. एका दुपारी दौलतरावांनी विहिरीवरचा डबा उघडला, तीन फ्यूजांपैकी एकातली तार काढून घेतली आणि फ्यूज पुन्हा जागच्या जागी बसवला. तीन वाजता परत लावू, एवढाच बेत.

दोन चाळीसला कागदावर तीन उड्या उमटल्या. दोन लहान, एक लांब. एक तार नसली की मोटर नुसती घुं करते, फिरत नाही. इंद्रभान बटण दाबून बघत असणार. मग रेघ सरळ झाली, आणि सांगायला लाज वाटते, पण दौलतरावांना आनंद झाला.

मोटर विहिरीच्या आत, पाण्यावरच्या दगडी ओट्यावर होती. ती अडकली असं समजून इंद्रभान खाली उतरला. संध्याकाळी लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा त्याच्या अंगाला शेवाळाचा वास येत होता. पाय घसरला, गाव म्हणालं. दौलतरावांनीही मान हलवली. तार खडूच्या डबीत तशीच राहिली.

त्याच्या बायकोला, लिलाबाईला, ती मोटर डोळ्यांसमोर नको झाली. वायरमन दुसऱ्याच दिवशी सकाळी जोडणी तोडून गेला. आणि त्याच दुपारी कागदावर पुन्हा तीन उड्या आल्या. दोन लहान, एक लांब. दोन छत्तीसला.

तिसऱ्या दिवशी दोन बत्तीसला. मग दोन अठ्ठावीसला. दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद पुण्याला धाडले. दोन आठवड्यांनी पत्र आलं. खूण आभाळातलीच दिसते, अभिनंदन. फक्त पहिल्या दिवशी जवळपास मोटर चालू नव्हती एवढं सहीनिशी लिहून द्या. दौलतराव तीन दिवस पेन धरून बसले. सही होईना.

सव्विसाव्या दिवशी उड्या बरोबर एकच्या ठोक्याला आल्या. ते उठले, डबी घेतली आणि लिलाबाईच्या दारात गेले. ती ताटावर बसली होती. भाकर तशीच होती.

"आताच येऊन गेला आवाज," ती म्हणाली.

"कायचा, वहिनी?"

"मोटरचा. घुं... घुं... अन मंग एक लांब. आगुदर चहाच्या वक्ताले ये. आता भाकर खातो तवा येते. रोज उलसाक आगुदर... एवढी घाई काहून करून राह्यले हे?"

दौलतरावांनी डबी उघडली. तार तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"माह्यामुळं गेला तो, वहिनी... म्याच नेलं त्याले."

ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं तार उचलून त्यांच्या हातात दिली.

"ज्या हातानं काढली, त्याच हातानं लावून द्या," ती म्हणाली.

दौलतरावांनी विहिरीवर जाऊन फ्यूजात तार लावली. वर खांबापासून तुटलेली वायर वाऱ्यावर हलत होती. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा छप्पन्नला पेन हललं. एक लहान. एक लहान. मग लांब... आणि लांब... ते खाली येईचना. कागदाची गुंडाळी संपली तरी पेन वरच थरथरत होतं.

दौलतराव माळ उतरून धावत सुटले. संत्र्याची कलमं केव्हाच वाळून गेली होती. पण त्यांच्यामधल्या पाटात पाणी होतं, गार, वाहतं, आणि त्याला शेवाळाचा वास येत होता. लिलाबाई विहिरीच्या काठावर वाकून उभी होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"मास्तर... मोटर तं सुरू झाली. मंग हे अजून वर काहून नाई आले?"