चिठ्ठीवरचा पुनाराम

मुलीसाठी अंगावर काटा आणणारं पुस्तक सुचवा म्हणता? बसा. पूर्वी मी सुचवायचो. हल्ली का सुचवत नाही ते सांगतो. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

वर्ष सदुसष्ट की अडुसष्ट, तिथेच माझा गोंधळ होतो. बालाघाटच्या या वाचनालयात तेव्हा मराठीचं एकच कपाट होतं. पोरं घरात मराठी बोलायची आणि वाचायची हिंदी. समितीनं बजावलं, पावसाळ्यापर्यंत वाचक दाखवा, नाहीतर कपाट रद्दीत जाईल. माझा त्या कपाटावर फार जीव होता.

आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी डकवलेली असे. वाचणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं आणि पुढच्यासाठी पेन्सिलीनं एक ओळ. कोऱ्या चिठ्ठीच्या पुस्तकाला कुणी हात लावीना. मग मी शक्कल लढवली. भुताखेतांच्या, उजाड झालेल्या जगांच्या कादंबऱ्या निवडल्या आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकीवर डाव्या हातानं लिहिलं, 'पुनाराम, वर्ग दहावा, खैरलांजी. एकट्यानं वाचू नये.' असा कुणी पुनाराम नव्हता. पण पोरं तुटून पडली.

सगळ्यांत पुढे शीला, कंपाउंडरची मुलगी, नववीतली. मे महिन्यातल्या एका दुपारी ती पुस्तक परत द्यायला आली. समोरची राइस मिल धडधडत होती, खिडकीतून कोंड्याचा वास येत होता.

"काका, पुनारामनं सांगतलेलं पुस्तक द्या. त्या नंबरवाल्या शहराचं. जिथं लोकायची नावं काढून घेतेत."

"त्यानं कुठं सांगतलं?"

तिनं परत आणलेल्या पुस्तकाची चिठ्ठी दाखवली. तेच डावं, कललेलं अक्षर, आणि त्यात या पुढच्या पुस्तकाचं नाव. ती ओळ मी लिहिली नव्हती. मग वाटलं, लिहिली असेन आणि विसरलो असेन. मी पुस्तक दिलं.

आठवड्यानं ती आली आणि दारातच थांबली.

"काका... माह्या आईचं नाव तुमाले मालूम आहे का?"

"चंपाबाई. काहून वं?"

"मले आठवून नाही राह्यलं..."

मिल चालूच होती, पण मला तिची धडधड ऐकू येईना. मी शीलाच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. तिच्या नावाखाली त्याच कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'शीला. अर्धी वाचून झाली. छान आहे.'

रबरानं खोडून पाहिलं, अक्षर जाईना. शेवटी तिला बाकावर बसवून मी कबूल केलं, "पुनाराम कोणीच नाही, बेटा. मीच लिवलं होतं ते नाव."

तिनं खिडकीकडे पाहिलं. "मंग... खिडकीत कोण उभा राह्यते?"

खिडकीत नुसतं ऊन होतं.

पोरगी माझ्या शब्दावर पुस्तकं नेत होती. मीच तिला त्याच्या हाती दिलं होतं. ती गेल्यावर पेन्सिल डाव्या हातात धरली आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'शीला राहू दे. काका वाच. जास्त पानं आहेत.'

चौथ्या दिवशी तिला आईचं नाव आठवलं. आता ती गोंदियाला सुखात आहे. कपाटही शाबूत आहे, हे काय समोर. मी मात्र दर पावसाळ्यात काहीतरी विसरतो. आधी शाळा गेली, मग थोरल्या भावाचा चेहरा. वैनगंगेत मला पोहायला कुणी शिकवलं, तेही गेलं. म्हटलं जाऊ दे, मीच बोलावलं होतं त्याला.

काल ते पुस्तक काढून चिठ्ठी पाहिली. खाली नवी ओळ आहे. 'काका संपत आले. पुढचं सुचवा.'

म्हणून पुस्तक देत नाही. राग मानू नका. मुलीचं नाव मघाशी सांगितलंत का तुम्ही? सांगितलं नसेल, तर सांगू नका.

आणि ही पेन्सिल... माझ्या डाव्या हातात कधी आली? तुम्ही पाहिलंत का?