दाराला गोंद लावू नये

मिरजगावच्या एसटी स्टँडसमोर राधाकृष्णचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक काचेचं कपाट, एक टेबल आणि पाठीमागं घराचं दार. घड्याळजीनं घड्याळात डोकं घालावं नि चार घास सुखानं खावेत. पण ह्या गड्याला आणखी एक खूळ होतं. प्लॅस्टिकची अंतराळयानं जोडायचं. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. 'मॉडेल' म्हणा, म्हणायचा. आणि तीही कुठली, तर जी अजून कुणी बांधली नाहीत, कधी उडाली नाहीत, शनीच्या कड्यापलीकडं जाऊन राहणाऱ्या माणसांची!

त्यांच्या सुट्या भागांचे खोके यायचे जपानहून. धाकटा भाऊ गोरक्ष मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत तेलवाला होता. बोट तिकडं लागली की थोरल्यासाठी एक खोका टपालानं धाडायचा. राधाकृष्ण तो जोडायचा आणि पुण्याच्या एका विज्ञान मासिकात 'जोडून पाहिलं' ह्या सदरात त्याचं परीक्षण लिहायचा. भाग मोजायचे, यादीशी ताडायचे, कुठली खाच बसते, कुठली बसत नाही ते बघायचं. 'डाव्या पंखाची खाच अर्धं सूत कमी आहे. कानशीनं घासून घ्यावी. दहात सात गुण.' असं करकरीत लिहायचा. त्याला नागपूर-अकोल्याहून पत्रं यायची. मिरजगावात मात्र ते सदर एकच माणूस वाचायचा, आणि लिहिणाराही तोच होता.

बहात्तरचं साल. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि पाण्याचा टँकर आला की बायका भांडी घेऊन धावायच्या. पण राधाकृष्णच्या घरात दुष्काळापेक्षा मोठी काळजी होती. गोरक्षचं चार महिने पत्र नव्हतं.

शेवटचा खोका आला तो दिवाळीनंतर. आत चिठ्ठी होती, तीही चार महिन्यांपूर्वीची. 'दादा, हे जहाज जोडून होईस्तोवर मी घरी येतो बघा.' बस, एवढंच. माणूस सहज लिहून जातो असं. पण ही चिठ्ठी राधाकृष्णनं आईला, बनुबाईला, मोठ्यानं वाचून दाखवली आणि ती दाराआडून गोरक्षच्या बायकोनं, राहीबाईनं ऐकली.

राहीबाई थोरल्या दिराशी बोलायची नाही. रीतच होती तशी. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. "आत्याबाई, त्यास्नी म्हनावं, जेवान झालंय." सहा वर्षं एका घरात राहून तिनं राधाकृष्णला एक शब्द थेट विचारला नव्हता. चिठ्ठी आल्यावर मात्र ती रोज सासूला विचारायची, "आत्याबाई, त्यास्नी इचारा, जहाज कुटवर आलं?"

"आगं, त्ये खेळनं हाय," बनुबाई म्हणायची. "त्येच्यानं का मानूस येतंय?"

राहीबाई आत कामाला जायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

हे अंतराळजहाज वीतभर लांबीचं होतं. यादीत सात माणसं होती, नखाएवढी, खुर्चीत बसलेली, हात गुडघ्यावर. राधाकृष्णनं प्लॅस्टिकच्या चौकटीतून माणसं कापून काढली तर आठ भरली. त्यानं पुन्हा मोजली. आठवा उभा होता, आणि त्याची जागा नकाशात कुठंच दाखवली नव्हती. 'कारखान्याची चूक. एक माणूस जादा,' असं त्यानं वहीत टिपून घेतलं. सात जणांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, जहाजाच्या दोन कुशी जोडल्या आणि आठव्याला मागच्या कोठीत सहज उभं करून बघितलं. कोठीला वरून दार होतं. दाराला कुडत्याच्या गुंडीएवढी काच. ते दार सगळ्यात शेवटी बसवायचं होतं, उघडझाप करता यावी म्हणून गोंद न लावता. जोडणीच्या कागदावर तिथं गोंदाच्या नळीच्या चित्रावर लाल फुली मारलेली होती.

मग तो दोन दिवसांसाठी नगरला गेला. मुंबईच्या बोटकंपनीला ट्रंककॉल लावायला. पहिला दिवस लाइन मिळण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी लाइन मिळाली, आणि पलीकडचा माणूस म्हणाला, बोटीशी संपर्क नाही. किती दिवस? नऊ दिवस. तुम्ही कोण लागता? थांबा, फोन ठेवू नका, म्हणाला, आणि लाइन तुटली.

राधाकृष्ण घरी आला तेव्हा बनुबाई उंबऱ्यात बसली होती.

"लागला का रं फोन?"

"लागला. चौकशी करतो म्हणाले."

खोटं बोलणं त्याला जमत नसे. तो टेबलाशी गेला आणि बघतो तो काय, जहाजाचं दार बसवलेलं. नुसतं बसवलेलं नव्हे, कडेनं गोंद बाहेर ओघळून वाळलेला. इंजिनाचे दोन भागही चिकटवले होते, पंखाचा एक.

"आई, ह्याला हात कुणी लावला?"

आतून बांगड्या वाजल्या. राहीबाई सासूच्या मागं येऊन उभी राहिली. "आत्याबाई, म्हनावं, म्या केलं. लवकर व्हावं म्हनून. आकडं बगून केलंया. एकपासनं."

राधाकृष्णनं कागद उचलला. जपानी अक्षरं, पण आकडे इंग्रजी. राहीबाई मराठी चौथी शिकलेली. पहिल्या चित्रापाशी इंग्रजी एक होता, उभी रेघ. ती तिला पूर्णविरामाचा दांडा वाटली. शेवटच्या चित्रापाशी गोल करून 9 लिहिला होता. तिला तो आपला १ दिसला. तिनं तिथून सुरुवात केली. लाल फुलीचा अर्थ तिनं लावला की इथं गोंद जास्त लावायचा.

त्याला रागही येईना. बाई बिचारी, कुणाला विचारणार? विचारायचा माणूस घरात होता, पण त्याच्याशी बोलायचं नव्हतं. "काही हरकत नाही," तो म्हणाला. "दार उघडता येणार नाही, एवढंच."

"गोंद निगत न्हाई का, म्हनावं?"

"हा गोंद चिकटवत नाही, आई. वितळवतो. दोन्ही भाग एकमेकांत विरघळून एक होतात. मग त्यात जोड उरतच नाही."

राहीबाई आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्णनं डोळ्याला भिंग लावून जहाज पाहिलं, तर दाराची काच आतून धुरकटली होती. गोंदाची वाफ असेल, त्यानं वहीत लिहिलं. दुपारी काच स्वच्छ झाली. आठवा माणूस त्यानं पुढं तोंड करून उभा केला होता. आता त्याचं तोंड वर, दाराकडं होतं. जहाज उचलताना हलला असेल, असंही त्यानं लिहिलं. आणि लिहिता लिहिता थांबला, कारण माणसाच्या पायाशी काहीतरी चमकत होतं.

पाणी होतं. घोट्यापर्यंत.

दुष्काळी हवा. मातीच्या माठाचं बूडसुद्धा कोरडं. टेबलावर पाण्याचा थेंब सांडला नव्हता, सांडायला घरात पाणी होतं कुठं? तरी त्यानं जहाज पुसलं, कोरड्या फडक्यावर ठेवलं. संध्याकाळी पाणी गुडघ्याला लागलं होतं. फडकं कोरडंच.

आईला सांगू नये असं त्यानं ठरवलं. पण भिंग ठेवून तो देवाला दिवा लावायला गेला आणि परत आला तर राहीबाई टेबलाशी वाकली होती, त्याचं भिंग डोळ्याला लावून. त्याची चाहूल लागली तरी ती सरकली नाही. पदर खांद्यावर आला होता, तोही तिनं सावरला नाही.

रात्री राहीबाईनंच ते सासूला सांगितलं. सकाळी पाणी कमरेला लागलं. बनुबाईनं देवापुढं नारळ ठेवला. राधाकृष्णनं वहीत लिहिलं: 'सकाळी सात. कंबर.' खाली लिहिलं: 'नऊ वाजता. छाती.' आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे परीक्षण नव्हे. त्यानं वही मिटली.

त्यानं सुई तापवली आणि जहाजाच्या बुडाला भोक पाडलं. थेंब आला. दुसरा आला. त्यानं बोट लावून जिभेवर घेतला. खारट. मिठाच्या खड्यासारखा.

खाली वाटी ठेवली. वाटी भरली. तांब्या ठेवला, तांब्या भरला. जहाजात चमचाभर पाणी मावलं असतं. बनुबाईनं कळशी आणून लावली आणि म्हणाली, "गावात प्यायला थेंब न्हाई, आन ह्ये काय रं बाबा." कळशी निम्मी झाली तेव्हा ऊन दुकानाच्या पायरीवर आलं होतं.

त्यानं भिंग लावलं. पाणी उतरलं नव्हतं. गळ्याशी आलं होतं. आठव्याची मान मागं टाकलेली होती, तोंड काचेजवळ.

"दादा."

राधाकृष्ण दचकला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो आवाज त्याच्याशी बोलत होता.

"दादा, कापा."

"आत लागलं तर? करवत कुठवर जाईल सांगता येत नाही. एवढीशी जागा."

"लागू द्या. हात तुटला तर तुटू द्या. म्या लावलंया ते दार. म्या माज्या हातानं लावलं. तुमी कापा."

घड्याळजीची केसाएवढी करवत. दाराच्या कडेला, जिथं जोड असायला हवी होती तिथं त्यानं ती टेकवली. पांढरा भुसा पडायला लागला. एक बाजू झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या बाजूला करवत अडली. आतून काहीतरी तिला धरून होतं.

"सोड," राधाकृष्ण म्हणाला. कुणाला म्हणाला, कोण जाणे. "सोड रे बाबा, कापतोय मी."

करवत सुटली.

चौथी बाजू त्यानं डोळे मिटून कापली. दार आपोआप उडालं आणि कळशीवर आपटून खाली पडलं.

कोठी कोरडी होती. पुढच्या खुर्च्यांवर सात जण हात गुडघ्यावर ठेवून बसले होते.

आठवा नव्हता.

राहीबाईनं टेबलाखाली शोधलं. दुकान झाडलं. झाडलेली माती पिठाच्या चाळणीनं चाळली, मग पुन्हा चाळली. कळशीतलं पाणी फडक्यातून गाळलं. दिवस मावळेपर्यंत ती गुडघ्यांवर होती आणि बनुबाई तिला ऊठ म्हणाली नाही. राधाकृष्णनं त्या महिन्यात मासिकाला एकच ओळ पाठवली: 'दाराला गोंद लावू नये.' संपादकांनी ती छापली नाही.

एकवीस दिवस गेले. कंपनीचं काही पत्र नाही, तार नाही. राहीबाई खडी फोडायला जायची, परत आली की गोंदाचा वास जाईना म्हणून राखेनं हात घासायची. बोटं सोलवटली तरी घासायची.

बाविसाव्या दिवशी दुपारी सोलापूरच्या गाडीतून गोरक्ष उतरला.

नुसता हाडांचा सापळा. ओठ फुटलेले, डोळे खोल. पण तोच, चालत आला. बनुबाईनं दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडता रडता त्याच्या दोन्ही दंडांना, खांद्यांना, गालांना हात लावून बघितलं. राधाकृष्णनं त्याला हाताला धरून आत आणलं. भाऊ जिवंत आला, अजून काय पाहिजे? राहीबाईनं चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावर मोडली.

गोरक्ष जेवायला बसला. राधाकृष्ण शेजारी. दोन घास झाल्यावर तो आपणहून बोलला.

"बोट गेली, दादा. मी खाली तेलाच्या कोठीत हुतो. आमच्या पाळीचे बाकीचे सात जन वर हुते, त्येंनी दार कापून मला काडलं."

"दार अडकलं होतं का?"

"अडाकलं न्हवतं." तो घास चावत राहिला. "त्या दाराला भायेरनं कडीच न्हाई. मी रोज बगितलेलं दार. पानी गळ्याला आलं, तवा मी सगळ्या कडंनी हात फिरवला. जोडच न्हवती. कुनीतरी चिकटवलं हुतं. सगळ्या कोठीत गोंदाचाच वास भरला हुता. अजून नाकात हाय."

राधाकृष्णनं मान खाली घातली. राहीबाई पाटावरून उठली आणि दुसरी भाकरी घेऊन वाकली.

गोरक्षनं तिचं मनगट धरलं. आधी तिला वाटलं, मायेनं धरलं. त्यानं तिची बोटं नाकाशी नेली आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. मग हात अलगद खाली ठेवला.

ताट त्यानं थोडं आपल्याकडं ओढून घेतलं आणि चुलीकडं बघत म्हणाला, "आई, भाकर तू वाढ."