मानेवरची पायरी

आमची सहल छान झाली आणि आई मुलीला घेऊन सुखरूप घरी पोचली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आता हे मी सांगितलंच नाही असं समजा. आम्ही अजून निघालेलोही नाही. सकाळ आहे, बस गल्लीच्या तोंडाशी उभी आहे आणि आई मला पार्लरच्या खुर्चीत बसवून माझे केस कापते आहे.

"शहरात जायचं ते या झिपऱ्या घेऊन?" आई म्हणाली. "लोक विचारतील, हिची आई काय करते म्हणून. काय सांगशील?"

"सांगेन, वकील आहे."

"मान हलवू नकोस."

आईचं पार्लर म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, आणि बाबांना यायला मज्जाव. गावातल्या यच्चयावत बायकांची डोकी आईच्या हाताखालून गेलेली आहेत. आई डावरी आहे, त्यामुळे तिने कापलेले केस मानेवर उजवीकडे किंचित वर चढतात. परक्या माणसाला आमच्या बाजारात उभं केलं तर त्याला वाटेल, या गावाची जमीनच उतरती आहे.

आणि आई माणसं मागून ओळखते. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" म्हणालं की ती ओशाळं हसते आणि म्हणते, "जरा वळता का?" बाई वळली की मग, "अगं, तू होय." माझे फोटोसुद्धा ती मागूनच काढते. पुढून काय, सगळे सारखेच दिसतात, असं तिचं म्हणणं. एकदा भर बाजारात, चार दुकानं पलीकडे, तिने एक डोकं पाहिलं आणि म्हणाली, "पोस्टातल्या बाई. दुसरीकडे कापून आल्यात." पोस्टातल्या बाईंनी नंतर तोंड लपवत कबूल केलं. मागून ओळखण्यात आई आजवर एकदाही चुकलेली नाही. मला तिचा अभिमान आहे. हे वाक्य मुद्दाम इथे लिहिते आहे, म्हणजे पुढे कुणी तिला बोल लावू नये.

बसने हॉर्न दिला. आईचा हात घाईने सुटला आणि डाव्या कानामागे पायरी राहिली. केस एका रेषेत न उतरता टप्प्याने उतरले की आईच्या धंद्यात त्याला पायरी म्हणतात. नवशिकी पोर हे करते, आई नाही. ती क्षणभर त्या टप्प्याकडे बघत राहिली.

"घरी आलो की काढते," ती म्हणाली, आणि कात्री पर्समध्ये टाकून तिने दाराला कुलूप लावलं. माझ्या आठवणीत पार्लर असं दोन दिवसांसाठी पहिल्यांदाच बंद होत होतं. मुलीला शहर दाखवायचं, हे तिने मी पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. फक्त गिऱ्हाईक आड येत होतं.

शहरात आम्ही आधी मनोरा पाहायला गेलो. म्हणजे आधी रांग पाहिली. लोखंडी कठड्यांमधून ती इतक्यांदा वळत होती की आपण पुढे चाललोय की मागे, ते फक्त पहारेकऱ्याला माहीत. तो सारखा एकच वाक्य म्हणायचा, "रांग सोडली की जागा गेली." एवढ्या तळमळीने म्हणायचा, की त्याची स्वतःची जागा तशीच गेली असावी.

आई मला वर गेल्यावर काय काय दिसेल ते सांगत होती. वाक्याच्या मध्येच ती थांबली.

आमच्या पुढे एक बाई उभी होती. आमच्याकडे पाठ, खांद्याच्या खाली गेलेले केस, मोकळे.

"हा माझा हात आहे," आई म्हणाली.

"काय?"

"ते केस मी कापलेत. उजवीकडे चढलेत बघ." तिचा आवाज बदलला. शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हाही असा नव्हता झाला. "एवढ्या मोठ्या शहरात, बघ. आपलं काम."

"कोण आहे?"

आई डोळे बारीक करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "डाव्या बाजूला पायरी आहे."

होती. केसांच्या टोकाला, डावीकडे, एक टप्पा.

"मग तुझी नसेल," मी म्हणाले. "तू पायऱ्या ठेवत नाहीस."

"एकदाच ठेवली आहे." आईने माझ्या मानेवर बोट टेकवलं. बोट गार होतं. "केस वाढले की पायरी खाली उतरते. ही खांद्याच्या खाली आलीय. म्हणजे वर्ष झालं, कुणी हात लावलेला नाही."

मी म्हणाले की शहरात महागाई आहे, परवडत नसेल. आई हसली नाही. "अहो ताई," तिने हाक मारली. बाई वळली नाही. रांग सरकली, बाई लिफ्टमध्ये शिरली, दार मिटलं. पुढच्या फेरीत आम्ही वर गेलो. वर पूर्ण शहर होतं, ती नव्हती. खाली उतरायला तीच एक लिफ्ट होती आणि ती आम्हाला न्यायला रिकामीच खाली आली होती.

दुपारी संग्रहालय. तिथेही रांग, आणि आमच्या पुढे तीच पाठ. केस कमरेपर्यंत.

मी आईकडे बघितलं. आई केसांकडे बघत होती.

"चार वर्षं," ती म्हणाली.

"सकाळी एक होतं."

"मी फक्त केस वाचते. बाकी मला कळत नाही."

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, शेजारी शेजारी, उलट दिशांनी फिरणारे. मधल्या केसांना कुठे जायचं ते कळत नाही, म्हणून ते उभेच राहतात. आई म्हणते, इथे वाहतूक पोलीस नेमायला हवा. पुढच्या बाईने मान थोडी खाली घातली, आणि मला तिच्या डोक्यावर दोन भोवरे दिसले. मधले केस उभे होते.

मी विनोद शोधला. सापडला नाही. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

"आई, आपण दुसरीकडे जाऊ या."

"थांब." तिने एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि नजर पुढच्या डोक्यावर. कापड दुकानात दोन ताग्यांचा रंग जुळवावा तशी. "चार वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही तिने," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. दुःखाने नव्हे. अभिमानाने.

आत दिवे मंद होते. आम्ही मडकी, तलवारी आणि एक मेलेला हत्ती पाहिला. बाई कुठेच नव्हती. आईने हत्तीचीही मागची बाजूच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या खोलीत, मी पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "आई, माझी पायरी आत्ताच काढ."

"इथे? खुर्ची नाही, मानेला टेकू नाही, आरसा हा एवढासा. मी असं काम करत नाही."

"उभी राहते मग."

"उभ्या माणसाचे केस कापायचे नसतात. मान हलते. घरी गेल्यावर काढते म्हटलं ना."

"आणि राहून गेलं तर?"

"राहून कसं जाईल? तू काय गिऱ्हाईक आहेस, दुसरीकडे जायला?"

मला पायरीचं काहीच नव्हतं. मला फक्त त्या बाईत आणि माझ्यात काहीतरी फरक हवा होता, आईला मागून दिसेल असा. आईला पुढून दिसणारं काही माझ्याकडे नव्हतं.

शेवटचं ठिकाण नदी. धक्क्यावरून बोट सुटायची, शहराला वळसा घालून परत यायची. रांग छोटी होती. मी आईच्या पुढे उभी राहिले, म्हणजे तिला माझंच डोकं दिसेल. आईने मला हळूच बाजूला केलं.

आमच्या पुढे ती होती.

केस गुडघ्यांपर्यंत आलेले, मुळापासून टोकापर्यंत पांढरे. टोकाला पायरी, जशीच्या तशी.

आईने किती वर्षं ते सांगितलं नाही. तिने पर्स उघडली.

"आई, ती उभी आहे. मान हलेल."

"नाही हलणार."

"तू असं काम करत नाहीस."

"मी अर्धवट काम सोडत नाही," आई म्हणाली. आणि परक्या बाईचे केस तिने डाव्या हातात धरले.

बाई जरा मागे रेलली. आमच्या खुर्चीत रेलतात तशी.

कात्री चालू लागली. पांढरे केस धक्क्याच्या फळ्यांवर पडत होते. वाऱ्याने ते जात नव्हते.

"बघ," आई मला म्हणाली, मागे न बघता. "याला म्हणतात बसणं. तू बसलीस का कधी अशी?"

रांगेतलं कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं.

मानेपाशी केस काळे निघाले.

आईने कडा सरळ केली. डाव्या कानामागे फुंकर मारली. पायरी गेली. उजवीकडे किंचित चढ. कोवळी मान, शाळेतल्या मुलीची. वर दोन भोवरे, मधे उभे केस.

मागून पाहिलं तर मीच होते. आणि माझ्याहून नीट कापलेली.

"आई," मी म्हणाले.

आई वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघून ओशाळं हसली. तो चेहरा मला ठाऊक होता. फक्त तो कधी माझ्याकडे बघून झाला नव्हता.

"जरा वळता का?" ती म्हणाली.

मी वळले. मान अगदी स्थिर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने बराच वेळ पाहिलं. बोट लावलं नाही.

"छान कापलेत," ती शेवटी म्हणाली, एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलावं तसं. "फक्त डावीकडे पायरी राहिलीय. कुठे कापता?"

मी वळून बघेपर्यंत तिने पुढचीचं कोपर धरलं होतं. धक्क्यावरचा माणूस तिकिटं बघत होता. "दोघी का?" त्याने विचारलं.

"हो, माझी मुलगी," आई म्हणाली. तिचा आवाज धक्काभर ऐकू गेला. "पहिल्यांदाच आणलीय शहर दाखवायला."

मुलगी शेवटपर्यंत वळली नाही. त्या माणसाने साखळी लावली. "बोट भरली," तो मला म्हणाला.

बोट परत आली तेव्हा तिच्यात दोघी नव्हत्या. मी चौकशीच्या खिडकीशी गेले.

"कोण हरवलंय?" आतल्या माणसाने विचारलं.

"मी."

"तू तर इथे आहेस."

"म्हणूनच आले."

त्याने फोटो मागितला. माझे सगळे फोटो आईच्या फोनमध्ये, आणि तेही मागून काढलेले. मग त्याने मी सांगितलेला नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे बसचा आवाज येत होता.

"आई, मी बोलतेय."

"कोण? आवाज लक्षात येत नाही हो," आई म्हणाली. "पार्लर उद्यापासून उघडं आहे. आत्ता मी मुलीबरोबर प्रवासात आहे." ती खूप आनंदात होती. तिच्या शेजारून कुणीतरी काहीतरी बोललं आणि आई खळखळून हसली. विनोद चांगला होता. माझाच होता. मी तो अजून केला नव्हता.

फोन बंद झाला. खिडकीतल्या माणसाने खिडकी लावून घेतली.

आईला यात दोष देणाऱ्यांशी मी बोलणार नाही. तिने समोरचं काम पाहिलं, आपला हात ओळखला आणि राहिलेलं पूर्ण केलं. सगळ्या शहरात असं काम करणारी दुसरी बाई दाखवा. मी रांगेत परत येऊन उभी आहे, कारण जागा सोडली की जाते. रांग सरकते. माझ्या पुढे नेहमी कुणीतरी असतं. केस खांद्यांवर आले आहेत, पायरीही त्यांच्याबरोबर खाली उतरली आहे. धक्क्यावरच्या एका बाईने परवा, जरा सारखे करून देऊ का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. आमच्याकडे कुणाही परक्याचा हात चालत नाही.

सबब, नौकाविहार कार्यालयास नम्र विनंती आहे, की सदर रांग एका माणसाइतकी मागे सरकवण्यात यावी. अर्जदाराकडे ओळखीचा अन्य पुरावा नाही. तथापि ओळख पटवण्यासाठी ती, लागेल तितका वेळ, मान न हलवता पाठमोरी उभी राहण्यास तयार आहे.