जडुल्याआधीचा फोटो

तान्ह्या पोरांचे फोटो मी काढत नाही. लग्नांचे काढतो, मेलेल्या म्हाताऱ्यांचेही काढलेत, शाळा तपासणाऱ्या साहेबांचे तर नको इतके काढले. पण मांडीवर पोर घेऊन बाई समोर बसली की माझ्या कॅमेऱ्याचा भाता नेमका तेव्हाच फाटलेला असतो. तुम्ही हा नवाकोरा कॅमेरा घेऊन आलात आणि पहिला फोटो भाच्याचाच काढणार म्हणालात, म्हणून सांगतो. कंदील जरा इकडे सरकवा. डोळे हल्ली लवकर दमतात, आणि ही हकीकत सांगायची म्हटली की मी सगळाच दमतो.

तेव्हा मी खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तर होतो. घरची शेती इकडे लोणखेड्याला. ती भाऊ बघायचा, आणि मी नोकरीच्या नावाखाली त्या हिवतापाच्या मुलखात जाऊन पडलो होतो. पावसाळा सरता सरता अर्धी शाळा थंडीतापानं घरी असायची आणि मास्तर क्विनाइनच्या गोळ्यांवर उभा असायचा. कानात सदा घुंई असा आवाज. कशातच जीव लागेना, म्हणून सुरतेच्या एका माणसाकडून जुना कॅमेरा घेतला. चांगला सागवानी, तीन पायांचा, काचेच्या प्लेटींवर फोटो काढणारा. माझ्या बायकोनं, कमलबाईनं, तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "गाय आनाले सांगं व्हतं, तुमी हाई तीन पायनी काय लई उनात?"

शिकवणारं कोणी नव्हतं. डोक्यावर काळं फडकं घेऊन दुधी काचेत बघायचं, तर सगळं जग उलटं दिसायचं, माणसांचे पाय वर. मग प्लेट घालायची, भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं. एवढ्यात मी काय काय घोटाळे केले म्हणून सांगू! पोरांची मुंडकी कापली. एकाच प्लेटीवर चुकून दोनदा फोटो घेतला, तेव्हा आमच्या हेडमास्तरांच्या छातीतून शाळेची घंटा लोंबताना दिसायला लागली. ते पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाजारपेठेत पारसमल शेठचं दुकान होतं. धान्य, कापड, आणि मागच्या खोलीत मोहाच्या फुलांची पोती. त्या मोहाचा आंबूस-गोड वास थेट घरातल्या माणसांच्या कपड्यांना यायचा. शेठाणी दाखूबाई मोकळ्या स्वभावाची बाई. एके दिवशी शाळेवरून जाताना तिनं मला हाक मारली.

"मास्तर, आमना नानूना एक फोटू काढी द्या. मारवाडमा देवीले जाईसन त्याना जडूला करना शे. केस गयात म्हनजे मंग हाई रूप दिसाव नही."

जडूला म्हणजे त्यांच्यातलं जावळ. नानू शेठचा नातू, नुकता पावलं टाकायला लागलेला, खांद्यापर्यंत कुरळे केस. त्याची आई भूरीबाई बाळंतपणातच गेली होती, मी खांडबाऱ्याला येण्याच्या आधी. शेठच्या मुलानं, लालचंदनं, दुसरं लग्न केलं. ती लाडकंवर. नानू तिच्याच अंगाखांद्यावर वाढला आणि तिलाच आई म्हणायचा.

दुपारी कॅमेरा घेऊन गेलो. ओसरीवर चांगला उजेड होता. लाडकंवर नानूला मांडीवर घेऊन बसली. लाल ओढणी, आणि छातीपर्यंत ओढलेला घुंगट. समोर परका पुरुष, बाजूला सासरा, तेव्हा तोंड दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. त्या घराबाहेरच्या कोणीच पाहिलं नसेल.

"पोऱ्याले घट्ट धरी ठेवा," मी म्हणालो.

पण नानू कसला धरून राहतो! त्याचा एकच खेळ. घुंगटाचा काठ उचलायचा, आत डोकावायचं आणि खिदळायचं. दिवसाउजेडी तिचं तोंड बघायला मिळणारा बहुधा तो एकटाच. मी प्लेट घातली, झाकण काढलं, आणि तेवढ्यात त्यानं मान वळवून हात वर केला. आता झालं कल्याण, मी मनात म्हणालो.

संध्याकाळी खोलीची दारं-खिडक्या बंद करून लाल काचेच्या कंदिलात प्लेट धुतली. बाई खांबासारखी स्पष्ट. नानूच्या मानेवर मात्र तोंडाच्या जागी धूर. जडूला व्हायच्या आधी दुसरा काढू म्हणून ती प्लेट मी फळीवर ठेवून दिली.

दुसरा काढायचा राहिलाच. मला ताप भरला, आणि त्याच आठवड्यात नानूलाही. मी उठलो. तो उठला नाही.

बऱ्याच दिवसांनी दाखूबाई स्वतः माझ्या खोलीवर आली. दारातच बसली.

"मास्तर, तो फोटू..."

"शेठाणी, त्यामा तोंड उनं नही. पोऱ्या हालना व्हता."

"जसं व्हई तसं द्या. लाडकंवर जेवस नही. पोटना नही व्हता तो, पन मोठा तिनीच करा. आते लोके म्हनतस, सावत्रले काय दुख... तिले त्यानं तोंड देखाले जोयजे. दुसरं काहीच मांगत नही ती."

प्लेटीवर जे उमटलं नाही ते कागदावर कुठून येणार? हे मला कळत होतं. पण त्या बाईला नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकटीत प्लेट घातली, तिच्यामागे कागद लावला आणि अंगणात उन्हात ठेवली. हे कागद उन्हानंच काळे होतात. चौकटीची मागची अर्धी फळी उघडून मधूनमधून बघायचं, चित्र किती चढलंय ते. मी उघडून पाहिलं. धुरात दोन डोळे दिसत होते.

वाटलं, ऊन चांगलं लागलं म्हणून बारीकसारीक दिसायला लागलं असेल. मोठा हुरूप आला, खोटं कशाला सांगू. दुसरा कागद लावला, जास्त वेळ ठेवला. या खेपेला नाक, ओठ, गालावरची खळीसुद्धा आली. पोर हसत होतं. मी प्लेट काढून उजेडात धरली. प्लेटीवर तोंडाच्या जागी धूरच होता, जसाच्या तसा.

अंगणात टळटळीत ऊन होतं. शेजारच्या घरी कोणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा एकसारखा आवाज येत होता. ऊन पाठीवर असूनही मला थंडी वाजली. मी ती तापावर ढकलली. क्विनाइन घेतलं, आणि आणखी एक कागद लावला... का लावला? नानूचं तोंड तर मिळालं होतं. पण दुसऱ्या छापात त्याचा हात आधीपेक्षा वर गेला होता. घुंगटाचा काठ हनुवटीपर्यंत उचलला गेला होता, आणि तो कुठवर जातो ते मला बघायचं होतं.

या वेळी फळी उघडली तेव्हा घुंगट कपाळावर होता.

मी चटकन नजर फिरवली. भीतीनं नाही, लाजेनं. परक्या घरच्या सुनेचं तोंड माझ्या हातात होतं. चेहरा तरुण, जरा लांबट, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, नानूकडे बघत होती. ओढणीच्या काठाला गोटा, म्हणजे रुंद जरीची पट्टी, होता. त्या दिवशी गोटा होता का, ते काही केल्या मला आठवेना. हे प्रकरण माझ्या शिकाऊ हातून कसं झालं तेही कळेना, पण एक गोष्ट मनाला बरी वाटली. आई आणि लेक दोघंही आले होते. फोटो मी कापडात गुंडाळला, कोणा पुरुषाची नजर पडू नये म्हणून, आणि नेऊन दाखूबाईच्या हातात दिला. नजर खाली ठेवूनच म्हणालो, "माफ करा शेठाणी, सूनबाईनं तोंड बी उनं शे."

दाखूबाईनं कापड उघडलं. मग भिंतीला हात लावत खाली बसली.

"हाई लाडकंवर नही शे..."

"मंग कोन?"

"भूरी शे, मास्तर... नानूनी माय. सवाशीन मरनी म्हनीसन गोटानी चुनडी घालीसन लई गयथात तिले. मीच घाली व्हती..."

चुनडी चितेवरच गेली होती. मी घाईघाईनं सांगायला लागलो, कधी कधी एका प्लेटीवर दोन फोटो पडतात, माझ्याच हातून पडलेत. बोलता बोलताच मला कळलं की मी काय बडबडतोय. भूरीबाई गेली तेव्हा हा कॅमेरा सुरतेत होता, आणि तिचा फोटो जन्मात कोणी काढला नव्हता.

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. लाडकंवर केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिनं हात पुढे करून फोटो घेतला. घुंगटाआडून ती काय बघत होती, नानूला की तिला, मला दिसत नव्हतं. परक्या पुरुषाशी ती कधी बोलायची नाही, पण तेव्हा बोलली, अगदी हळू.

"त्या दिन तो मांडीवर व्हता... पन वजनच लागे ना. माले वाटनं, पोऱ्या वाळी ऱ्हायना."

एवढं बोलून ती फोटो घेऊन आत गेली. तिचं रडणं ऐकू येईल म्हणून मी थांबलो होतो. नाही आलं. मला तिची फार दया आली. एक तोंड मागितलं होतं तिनं, आणि मी तिच्याच जागी दुसरी बाई बसवून आणून दिली. प्लेट मी त्याच दिवशी फोडली आणि तुकडे नदीत टाकले.

पुढे लाडकंवरला स्वतःचा मुलगा झाला. वीरचंद. त्याच्या जडुल्याच्या आधी पुन्हा बोलावणं आलं. मी तापाचं निमित्त सांगितलं, बदलीचं सांगितलं. दाखूबाई म्हणाली, "तिनाच हट शे." गेलो. जाणं टळण्यासारखं नव्हतं.

तीच ओसरी, तोच मोहाचा वास. बाजेवर पारसमल शेठ बसले होते. लाडकंवर पोराला मांडीवर घेऊन बसली आणि सासऱ्यादेखत, माझ्यादेखत तिनं घुंगट मागे टाकला. शेठ उठले, पगडी उचलली आणि दुकानात निघून गेले. तिचा गोल, सावळा चेहरा, डोळ्यांखाली काळं. त्या फोटोतल्या चेहऱ्याशी काडीचं साम्य नाही.

"यावखत मन्हं तोंड दिसाले जोयजे," ती थेट माझ्याकडे बघून म्हणाली. "मांडी कोनी शे, ते दिसाले जोयजे. काढा."

तिच्या ओढणीला गोटा नव्हता. नानू गेल्यापासून तिनं सगळ्या ओढण्यांचा गोटा उसवून टाकला होता. मी झाकण काढलं. ती हलली नाही. पोरानंही पापणी हलवली नाही, आणि मला तेच आवडलं नाही. इतकं लहान पोर इतकं गप्प बसत नाही.

तो फोटो एका छापातच चांगला आला. माझ्या हातचा पहिला खरा चांगला फोटो तो. लाडकंवर स्पष्ट, पोर स्पष्ट. फक्त पोराचा डावा हात बाजूला, जरा वर गेलेला होता, मूठ आवळलेली, आणि बोटांच्या फटीतून जरीची एक कड दिसत होती.

फोटो घेऊन गेलो तेव्हा वीरचंद पाळण्यात झोपला होता. लाडकंवरनं फोटो पाहिला, पाळण्याकडे पाहिलं, आणि धावली. पोराची डावी मूठ झोपेतही तशीच वर होती. दोघी बायकांनी मिळून एकेक बोट सोडवलं. मुठीत काही नव्हतं. तळव्यावर मात्र विणीचा ठसा उमटला होता, घट्ट धरलेल्या गोट्याचा उमटतो तसा. दाखूबाईनं तो पदरानं पुसायला घेतला. पुसला जाईना... मी तिथून निघालो ते तापानं अंथरुणालाच खिळलो.

तुम्हाला वाटलं असेल, तेही पोर गेलं. नाही. वीरचंद आता मिसरूड फुटलेला, दुकानावर बसतो. मापं उजव्या हातानं टाकतो. डावी मूठ त्याची आजतागायत पुरती उघडत नाही. नवापूरच्या दवाखान्यात दाखवलं, सुरतेला दाखवलं. शीर आखडलीय म्हणतात. असेल.

गेल्या महाशिवरात्रीला प्रकाशा गावच्या जत्रेत मला ते दोघं मायलेक दिसले. चेंगराचेंगरी होती. वीरचंद डावा हात जरा वर धरून चालला होता, गर्दीत आईचा पदर धरून चालणाऱ्या पोरासारखा. मी हाक मारली. लाडकंवरनं वळून मला ओळखलं, हात जोडले. ती त्याच्या उजव्या बाजूनं चालत होती, त्याचा सदरा मुठीत घट्ट धरून. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती, आणि एवढ्या गर्दीत तिथं कोणीच शिरत नव्हतं.